फक्त गोळ्यांची चिठ्ठी हवी आहे

पत्र थोडक्यात: तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या ४२ वर्षांच्या एका शिक्षिकेचं हे पत्र आहे. दोन मुलं आहेत आणि धाकट्याच्या वेळी कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं आहे. गेली दोन वर्षं पाळीत अंगावरून फार जातं. पाळी आठ दिवस चालते, पहिले तीन दिवस एकावर एक दोन पॅड लावूनही दीड-दोन तासांत बदलावे लागतात, गाठी पडतात, रात्री उठावं लागतं. जावेला याच त्रासासाठी मिळालेली जुनी चिठ्ठी दाखवून त्या मेडिकलमधून ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिडच्या गोळ्या आणायच्या आणि सकाळ-संध्याकाळ एकेक घ्यायच्या. आधी चांगला फरक पडायचा, हल्ली तेवढा पडत नाही. आता मेडिकलवाल्याने 'तुमच्या नावाची चिठ्ठी आणा' असं सांगितलंय. डॉक्टरांकडे जायची त्यांची तयारी नाही, कारण जाऊ पुन्हा दाखवायला गेली आणि छत्तिसाव्या वर्षी तिची पिशवी काढली. सासूबाई म्हणतात, चाळिशीत सगळ्यांनाच होतं, पाळी गेली की थांबेल. 'तपासणी, सोनोग्राफी काही नको. फोनवरून किंवा ऑनलाइन फक्त गोळ्यांची चिठ्ठी कशी मिळेल ते सांगा, माफ करा, असं विचारणं बरोबर नाही हे मला कळतं,' असं त्यांनी लिहिलंय.

ताई,

चिठ्ठी मिळेल. ती कशी, ते पुढे सांगते. आधी ती माफी मागे घ्या. त्रास होतोय म्हणून औषध मागितलं, यात चुकीचं काहीच नाही.

गोळीही तुम्ही चांगली निवडली आहे. ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड हे हार्मोन नाही, त्याची सवय लागत नाही, आणि जास्त जातं तेवढेच दिवस ते घ्यायचं असतं. पाळीत गर्भाशयाचं अस्तर सुटतं, खालच्या बारीक रक्तवाहिन्या उघड्या पडतात आणि त्यांच्या तोंडाशी रक्त गोठून त्या बंद होतात. पण शरीर ते गोठलेलं रक्त लगेच विरघळवायलाही लागतं. ही गोळी ते विरघळणं मंदावते, त्यामुळे जाणारं रक्त साधारण ४० ते ५० टक्क्यांनी कमी होतं. १९६२ साली जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी हे औषध शोधलं. बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायका वाचाव्यात, ही उताकोबाईंची आयुष्यभराची तळमळ होती. त्यासाठीही हे औषध कामी येतं हे दाखवणारा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आदल्याच वर्षी त्या गेल्या. हे मुद्दाम सांगतेय, कारण पाळीसाठी गोळी घेणं म्हणजे काहीतरी लपूनछपून करायची गोष्ट, असं आपल्याकडे अजूनही अनेकींना वाटतं.

मग मेडिकलवाला चिठ्ठी का मागतो? गोळ्यांच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला बघा, एक उभी लाल रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशा, म्हणजे शेड्यूल एचमधल्या औषधांची ती खूण. तुमच्या मेडिकलवाल्याने नियम पाळला, त्याच्यावर रागावू नका. नियमामागचं कारणही खरं आहे. ही गोळी गोठलेलं रक्त टिकवते, म्हणून पूर्वी कधी पायाच्या शिरेत किंवा फुफ्फुसात गुठळी झाली असेल त्या बाईने ती घ्यायची नसते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डोस कमी करावा लागतो. कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना ते माहीत असावं लागतं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर गुठळीचा धोका वाढतो. जावेची चिठ्ठी लिहिताना हे सगळं जावेला विचारलं असेल. तुम्हाला ते कुणीच विचारलेलं नाही.

पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. 'हल्ली तेवढा फरक पडत नाही.' याची दोन कारणं असू शकतात. एक साधं आहे. तुम्ही घेत होता तो डोस कमी होता. मोठ्या बाईला या त्रासासाठी सहसा ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीन वेळा, चार-पाच दिवसांपर्यंत देतात. आपल्याकडे कितीतरी बायका सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी घेतात आणि 'गुण येत नाही' म्हणून सोडून देतात. (हे वाचून स्वतःच डोस वाढवू नका. तुमच्या बाबतीत किती, हे चिठ्ठी लिहिणाऱ्याला ठरवू द्या.) दुसरं कारण असं की, आत जे काही आहे ते या दोन वर्षांत वाढलं असेल. स्नायूतली गाठ, म्हणजे फायब्रॉइड, असेल. अस्तराला लोंबणारा कोंब, म्हणजे पॉलिप, असेल. अस्तर गर्भाशयाच्या भिंतीतच शिरून वाढत असेल, त्याला एडिनोमायोसिस म्हणतात. थायरॉइड बिघडलेलं असेल. किंवा यातलं काहीच नसेल आणि चाळिशीत दर महिन्याला बीज सुटेनासं झाल्यामुळे अस्तर जाड होत असेल. या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे आणि बहुतेकांचा औषधाचा आहे. पण कुठलं ते फोनवर बोलून कुणालाही कळणार नाही.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. चाळिशीत पाळीचं चक्र बिघडतं, अनेकींना जास्त जातं. पण अनेकींना होतं म्हणून ते सोसायचं, हे कुठून आलं? पूर्वी पुस्तकात ८० मिलिलिटरची रेषा होती. एका पाळीत त्याहून जास्त गेलं तर 'जास्त'. घरात कोण मोजणार? म्हणून ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या सूचनांमध्ये आता मिलिलिटर महत्त्वाचे मानत नाहीत. बाईच्या तब्येतीवर, मनावर, रोजच्या जगण्यावर परिणाम होण्याइतकं जात असेल तर ते जास्तच. पॅड तास-दोन तासांत भरणं, दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी, सात दिवसांपेक्षा जास्त चालणारी पाळी, रात्री पॅड बदलायला उठावं लागणं, यातलं तुम्हाला सगळंच होतंय. शिवाय त्या दिवसांत फळ्याकडे वळताना आधी मागे हात लावून बघते, असं तुम्ही लिहिलंय. त्या एका ओळीवरूनही मी उपचार सुरू करा म्हणाले असते.

आता त्या भीतीबद्दल, आणि हे मला घाईने सांगायचं नाहीये.

'डॉक्टरकडे गेलं की पिशवी काढतात' ही तुमच्या मनाची समजूत नाही. आपल्याच राज्यात घडलेलं आहे ते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची गोष्ट उघडकीला आली, सरकारने समिती नेमली, पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढल्याचं दिसलं. कोयत्याच्या कामात खाडा पडला तर दंड, पाळीत विश्रांती नाही, पाण्याची सोय नाही, आणि दवाखान्यात 'ठेवलीत तर कॅन्सर होईल' ही धमकी. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी लागू कराव्यात असा आदेश दिला. म्हणजे तुमची शंका तिथपर्यंत पोचलेली आहे आणि ती खरी ठरलेली आहे.

पण बघा ताई, या भीतीने तुमचं काय केलं? ऑपरेशन टाळायचं म्हणून तुम्ही तपासणी टाळली, आणि तपासणी टाळल्यामुळे औषध अंदाजाने चाललंय. आत फायब्रॉइडची गाठ असेलच, तर दोन वर्षांपूर्वी ती लहान असताना औषधाने सांभाळता आली असती, ती आणखी वाढली तर ऑपरेशनचीच वेळ येऊ शकते. तपासणी आणि ऑपरेशन यांच्यामध्ये खूप पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर तुमचा होकार लागतो. सोनोग्राफी करून घेतली म्हणजे कशाला संमती दिली असं होत नाही.

पिशवी काढणं नेहमी वाईटच, असंही मी म्हणणार नाही. गाठी मोठ्या असतील, औषधं पुरेशी देऊनही उपयोग झाला नसेल, किंवा तपासात खरोखर कॅन्सर निघाला असेल, तर ते ऑपरेशन बाईला जगवतं, मोकळं करतं. तुमच्या जावेचं कारण काय होतं ते आपल्याला माहीत नाही, तेव्हा तिला आता त्यावरून बोलू नका. तुम्हाला कुणी 'पिशवी काढा' म्हणालं तर तीन गोष्टी विचारा: नेमकं निदान काय, ते कागदावर लिहून द्या. औषधाचा कोणता उपाय अजून करून बघितलेला नाही? आणि थांबले तर काय होईल? मग रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. 'कॅन्सर होईल' असं नुसत्या सोनोग्राफीवरून कुणी म्हणालं तर अस्तराचा तुकडा तपासायला सांगा. चाळिशीनंतर रक्तस्राव बदलला असेल तर तो तपास तसाही सुचवतात. बारीक नळीने दवाखान्यातच नमुना घेता येतो, थोडी कळ येते, आणि उत्तर प्रयोगशाळा देते.

चिठ्ठी. फोनवरून किंवा व्हिडिओवरून डॉक्टरांचा सल्ला घेणं २०२० च्या मार्च महिन्यापासून देशात नियमांत बसवलेलं आहे. सरकारची ई-संजीवनी सेवा मोफत आहे आणि तिथून चिठ्ठी मिळते. खाजगी डॉक्टरही व्हिडिओवर बघतात. त्या चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव, नोंदणी क्रमांक, तारीख आणि तुमचं नाव-वय हवं. मग मेडिकलवाल्याला अडचण नसते. मात्र औषध द्यायचं की आधी प्रत्यक्ष बघायचं, हे डॉक्टर ठरवतात, आणि ४२ व्या वर्षी दोन वर्षांचा त्रास ऐकून चांगला डॉक्टर बहुधा म्हणेल, 'या महिन्यापुरती देतो, तेवढ्यात तपासून घ्या.' त्याने टाळलं असं समजू नका, त्याने नीट ऐकलं असं समजा. एकही प्रश्न न विचारता पैसे घेऊन चिठ्ठी देणारं संकेतस्थळ सापडलं तर ते मात्र बंद करा. जावेच्या चिठ्ठीत आणि त्यात काही फरक नाही.

माझं मत विचाराल तर प्रत्यक्षच जा. येणाऱ्या पाळीच्या आठवडाभर आधी. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारी खाजगी दवाखाना गाठता येईल. सरकारी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जायचं तर एक किरकोळ रजा टाका. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. बाई डॉक्टर हव्या असतील तर खिडकीवर आधीच विचारा. एक कागद सोबत न्या. मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा, किती दिवस गेलं, सर्वांत जास्त दिवशी किती पॅड लागले, गाठी किती मोठ्या, कोणत्या गोळ्या किती घेतल्या, हे त्यावर लिहा. आत गेल्यावर आपण सगळ्याजणी 'थोडं जास्त जातं' एवढंच बोलतो आणि बाहेर येतो. तो कागद पुढे करा आणि म्हणा, 'मला आधी औषधाने उपचार हवेत. या गोळ्यांनी मला बरं वाटत होतं, त्या माझ्या नावाने चालतील का ते बघा. आणि एवढं का जातं तेही शोधायचं आहे.' आतून तपासणीला मनाची तयारी नसेल तर सांगा, त्या दिवशी पोटावरूनच सोनोग्राफी होऊ शकते. त्यासाठी भरपूर पाणी पिऊन जा, लघवी थांबवून. ऑपरेशन झालेलं असलं तरी लघवीची गर्भ-तपासणी करतील, त्यात वाईट वाटून घेऊ नका. तशी पद्धतच आहे.

डॉक्टरांना आणखी एक सांगायचं. गौरी-गणपतीत, घरच्या सत्यनारायणाला किंवा लग्नकार्यात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या आहेत का? त्या नॉरएथिस्टेरॉनच्या, म्हणजे हार्मोनच्या असतात. थांबवल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते आणि कधी जोरात येते. हेच औषध जास्त रक्तस्राव थांबवायलाही वापरतात, पण ते वेगळ्या हिशेबाने. वर्षातून दोन-तीन सणांना त्या घेत असाल तर पाळीचं खरं चित्र दिसतच नाही. पूजेला बसता यावं म्हणून बायकांनी दरवर्षी हार्मोन घ्यावेत, हे मला मनापासून खटकतं, पण तो विषय पुन्हा कधीतरी. चिठ्ठीवर ट्रॅनेक्झामिकबरोबर मेफेनामिक अ‍ॅसिड, म्हणजे दुखणं कमी करणारं औषध, असलेली जोडगोळी मिळाली तर ती जेवल्यावर घ्यायची. अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी सांगायचं. २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनामिक अ‍ॅसिडबद्दल सूचना काढली होती. गोळी सुरू केल्यावर ताप आणि अंगभर पुरळ आलं तर लगेच थांबवून दाखवायचं.

पुढे उपाय किती आहेत तेही ऐकून ठेवा, म्हणजे एकाच उपायाचं नाव कानावर पडलं तर दुसरं विचारता येईल. मिरेनासारखी हार्मोनची तांबी गर्भाशयात बसवतात, ती पाच वर्षं आणि त्याहून जास्तही काम करते, रक्तस्राव फार कमी करते. पहिले काही महिने मात्र अधूनमधून डाग लागतात, तेवढा धीर लागतो, आणि किंमत जास्त आहे. नेहमीची तांब्याची तांबी याच्या उलट, तिने पाळी वाढते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ऑर्मेलॉक्सिफीनची गोळी आहे. सरकारी केंद्रात ती 'छाया' नावाने गर्भनिरोधक म्हणून मिळते, आणि जास्त रक्तस्रावावरही डॉक्टर ती देतात, आधी आठवड्यातून दोनदा, मग एकदा. तुमच्यासारख्या बाईला, पुढे मूल नको असताना, यातलं बरंच काही चालू शकतं.

हे वाचणाऱ्या ज्या आयांच्या मुलींना पहिल्या पाळीपासूनच असं जातंय, त्यांना वेगळं सांगते. हिरड्यांतून रक्त येतं का, दात काढल्यावर बराच वेळ थांबलं नव्हतं का, घरात आणखी कुणाला असं होतं का, हे डॉक्टरांना सांगा. रक्त गोठण्यातला जन्मजात दोष, बहुधा व्हॉन विलेब्रांड नावाचा, यात सापडू शकतो. 'लग्न झालं की सुरळीत होईल' हे मुलीला कृपा करून ऐकवू नका.

काही गोष्टींत वाट बघायची नाही. सलग दोन-तीन तास दर तासाला पॅड भरतोय, चक्कर येते, छाती धडधडते, तर त्याच दिवशी रुग्णालय. दोन पाळ्यांच्या मध्ये, संबंधानंतर किंवा पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर रक्त आलं, तर तपासल्याशिवाय गोळी नाही. गोळी चालू असताना एकाच पायाला सूज आणि दुखणं, छातीत दुखणं, धाप, किंवा रंग नीट न दिसणं, यातलं काही झालं तर गोळी थांबवा आणि लगेच जा.

आणि रक्त तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. तुम्ही लिहिलंय, जिना चढताना दम लागतो, केस गळतात, आणि वर्गात मुलांच्या पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते. पेन्सिलीची ती ओढ लोह संपत आल्याचं नेहमी दिसणारं लक्षण आहे. ते शरीराचं मागणं आहे, त्याची लाज नको. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही करून घ्या, कारण हिमोग्लोबिन १२ असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. लोहाची गोळी चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या, वर लिंबूपाणी चालेल. शौचाला काळं होतं, त्याने घाबरू नका. पोट घट्ट होत असेल तर एक दिवसाआड चालेल का ते विचारा. हिमोग्लोबिन वर आल्यावरही साधारण तीन महिने ती चालू ठेवावी लागते. इथेच बहुतेकजणी सोडतात. आकडा फारच खाली असेल किंवा गोळी सोसत नसेल, तर शिरेतून लोह देतात. त्यासाठी काही तास रुग्णालयात थांबायला सांगितलं तर थांबा, ते ऑपरेशन नव्हे, त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही घरी असाल.